ओटोस्क्लेरोसिस: ऑपरेशन करावं, मशीन लावावं की थांबावं?

कानाचा पडदा शाबूत आहे, पू नाही, पाणी साठलेलं नाही, नसही चांगली आहे, तरी ऐकू कमी येतं. डॉक्टर सांगतात की आतलं हाड अडकलंय, ओटोस्क्लेरोसिस आहे. ऑपरेशन करता येईल, मशीनही चालेल आणि सध्या काहीच केलं नाही तरी जिवाला धोका नाही. काय ते ठरवून सांगा. इथेच माणूस गोंधळतो. एरवी डॉक्टर एक रस्ता दाखवतात आणि आपण त्यावरून चालतो. या आजारात तीन रस्ते मोकळे ठेवून निवड आपल्यावर सोडली जाते.

आमच्या घरात हा आजार दोन पिढ्यांत आहे. आई बरीच वर्षं दोन्ही कानांना मशीन लावते. माझ्या उजव्या कानाचं ऑपरेशन झालंय आणि डाव्या कानात मी मशीन घालते. त्यामुळे दोन्ही गोष्टी मी रोज जवळून अनुभवते. माझं मत आधीच सांगून टाकते. या आजारात घाईने ठरवण्यासारखं काही नसतं. आधी महिनाभर चांगलं मशीन लावून बघावं. त्यानंतर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा कागद, साथ देत असेल आणि हात चांगला असलेला सर्जन मिळत असेल, तर ऑपरेशनला भिऊ नये. हे कोणाला लागू पडतं आणि कोणाला अजिबात नाही, ते आता सविस्तर.

आत होतं काय

पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं असतात, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. तिचा तळ आतल्या कानाच्या अंडाकृती खिडकीत बसलेला असतो. आवाज आला की तो आत-बाहेर हलतो, त्याने आतल्या द्रवात लाटा उठतात आणि नस त्या मेंदूकडे नेते.

शरीरातली बाकीची हाडं आयुष्यभर झिजत आणि नव्याने भरत असतात. आतल्या कानाभोवतीचं हाड याला अपवाद आहे, ते मोठेपणी जवळजवळ जसंच्या तसं राहतं. ओटोस्क्लेरोसिसमध्ये तिथे, बहुतेकदा खिडकीच्या पुढच्या कडेला, नको ती उलथापालथ सुरू होते. हाड आधी स्पंजासारखं मऊ होतं, मग पुन्हा घट्ट होतं आणि वाढत वाढत रिकिबीच्या तळाला चिकटतं. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत बसावं तशी रिकीब खिडकीत घट्ट बसते. आवाज दारापर्यंत पोचतो, आत जात नाही. काही जणांत हाच आजार पुढे कॉक्लियापर्यंत, म्हणजे आतल्या शंखापर्यंत जातो आणि मग नसेकडूनही ऐकणं कमी होतं. हा फरक फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतेच.

सुरुवात साधारण २० ते ४० वयात होते. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या जवळपास दुप्पट दिसतो आणि ७० ते ८० टक्के रुग्णांत आज ना उद्या दोन्ही कान त्यात येतात. बऱ्याच जणांच्या घरात आधी कोणाला तरी तो असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला कमी ऐकू येण्याची शक्यता ढोबळमानाने चारात एक धरतात. गोवराच्या विषाणूशीही त्याचा संबंध जोडला गेला आहे. गोवराची लस टाळू नये, याला हे आणखी एक कारण.

गरोदरपणात ऐकणं झपाट्याने कमी होतं, असं पूर्वी सरसकट सांगत. काही बायकांना तसा अनुभव येतो हे खरं आहे, पण नंतरच्या अभ्यासांत मूल झालेल्या आणि न झालेल्या बायकांच्या ऐकण्यात स्पष्ट फरक दिसलेला नाही. त्यामुळे "हिला मूल होऊ देऊ नका" असा सल्ला कोणी देत असेल तर तो घेऊ नका. लग्न ठरताना हा आजार लपवण्यासारखा नाही आणि लग्न मोडण्यासारखा तर मुळीच नाही.

दोन खुणा या आजारात बऱ्याचदा दिसतात. ज्यांची नस कमजोर असते ती माणसं मोठ्याने बोलतात. ओटोस्क्लेरोसिसची माणसं मात्र हळू बोलतात, कारण त्यांना स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो. दुसरी खूण अशी की पिठाच्या गिरणीत किंवा लोकलच्या डब्यात त्यांना समोरच्याचं बोलणं शांत खोलीपेक्षा बरं कळतं. गोंगाट त्यांच्या कानापर्यंत कमी पोचतो आणि समोरचा मात्र गोंगाटामुळे आवाज चढवून बोलत असतो. "हिला पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं" हा टोमणा अनेकींनी वर्षानुवर्षं ऐकलाय, त्याचं मूळ इथे आहे. जेवतानाही असंच होतं. पापड, चिवडा चावताना आतला आवाज इतका मोठा येतो की ताटावरचं बोलणं हरवतं.

ठरवण्याआधी ऑडिओग्राम वाचा

ऑपरेशन की मशीन हा प्रश्न जितका माणसाचा आहे तितकाच त्या कागदाचा आहे. ऑडिओग्रामवर प्रत्येक कानासाठी दोन रेघा असतात. डेसिबलचा आकडा जितका मोठा आणि रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. हेडफोन लावून काढलेली ती हवेची रेघ. कानामागच्या हाडावर कंपन देणारं उपकरण ठेवून काढलेली ती हाडाची रेघ. हाडाची रेघ नस किती चांगली आहे ते सांगते आणि हवेची रेघ प्रत्यक्षात किती ऐकू येतं ते. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे अडकलेल्या रिकिबीमुळे वाया गेलेलं ऐकणं. ऑपरेशन फक्त हे अंतर बुजवू शकतं. हाडाच्या रेघेच्या फार वर ते कोणालाही नेत नाही.

म्हणून हवेची रेघ ५५ डेसिबलवर आणि हाडाची १५ वर असेल तर मिळवण्यासारखं पुष्कळ आहे. हवेची ७० आणि हाडाची ५० असेल तर यशस्वी ऑपरेशननंतरही मशीन लागेल. ते आधीपेक्षा कमी ताकदीचं पुरेल आणि त्यातून जास्त स्वच्छ ऐकू येईल, पण लागेल. हे आधी नीट कळलं नाही तर चांगलं झालेलं ऑपरेशनही फसल्यासारखं वाटतं. अंतर २०-२५ डेसिबलपेक्षा कमी असेल, तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात आणि ते बरोबर आहे.

हाडाच्या रेघेत २००० हर्ट्झच्या आसपास एक खळगा दिसतो. रेमंड कारहार्ट यांनी १९५० मध्ये त्याकडे लक्ष वेधलं म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो बघून नस खराब झाली असं समजू नये. रिकीब अडकल्यामुळे मोजमापात येणारी ती सावली आहे आणि ऑपरेशननंतर बहुधा भरून निघते.

ऑडिओग्राम कसा काढला हेही विचारा. आवाजबंद खोली हवी. एका कानाची हाडाची चाचणी चालू असताना दुसऱ्या कानात खरखर सोडायला हवी, तिला मास्किंग म्हणतात. कवटीतून आवाज दोन्हीकडे जातो. मास्किंग नसेल तर चांगला कान आजारी कानाच्या वतीने उत्तर देऊन टाकतो. अशा कागदावर पूर्ण बहिरा कानसुद्धा ऑपरेशनला योग्य दिसू शकतो. म्हणूनच जाणते डॉक्टर कागदावर न थांबता ५१२ हर्ट्झचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, स्वतः वाजवून खात्री करतात. शब्द ओळखण्याची चाचणीही आपल्या भाषेतल्या शब्दांनी व्हायला हवी. तिचा आकडा चांगला असला तर मशीन आणि ऑपरेशन दोन्हींचा निकाल चांगला लागण्याची आशा वाढते.

यापुढे टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा किती हलतो ते मोजणारी चाचणी, आणि रिफ्लेक्सची चाचणी येते. मोठ्या आवाजाला रिकिबीचा छोटा स्नायू आकसतो. रिकीब अडकली असेल तर यंत्राला तो प्रतिसाद दिसत नाही. दोन रेघांत अंतर आहे आणि तरीही रिफ्लेक्स चांगला येतोय, असं असेल तर आजार दुसराच असू शकतो. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरळ होऊन तिथे आणखी एक खिडकी पडण्याचा प्रकार असतो. तोही ऑडिओग्रामवर ओटोस्क्लेरोसिससारखाच दिसतो आणि त्यात रिकिबीचं ऑपरेशन व्यर्थ जातं. शंका असेल तिथे कानाच्या हाडाचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅन, काढायला सांगतात तो यासाठी. मात्र सीटीत काही दिसलं नाही म्हणून ओटोस्क्लेरोसिस नाही, असं ठरत नाही.

मशीन

या आजारात मशीन इतर कानांपेक्षा चांगलं चालतं. नस चांगली असल्याने आवाज मोठा करून दिला की पुढचं काम आतला कान नीट करतो. नसेच्या बहिरेपणात "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" ही तक्रार असते, ती इथे कमी असते. मोठ्या आवाजांचा त्रासही कमी होतो. फक्त अडथळा ओलांडायला मशीनला जास्त ताकद लावावी लागते. म्हणून कानात दडणाऱ्या नाजूक मशीनचा आग्रह धरण्याआधी ते आपल्या ऑडिओग्रामला पुरेल का, हे ऑडिओलॉजिस्टला विचारावं.

मशीनची सगळ्यात मोठी बाजू म्हणजे ते काढून ठेवता येतं. नाही आवडलं तर कान होता तसाच राहतो. ऑपरेशनबद्दल असं म्हणता येत नाही. म्हणून मी मशीन आधी म्हणते. ट्रायल मागा. बरीच केंद्रं काही दिवस वापरून बघायला देतात. त्या दिवसांत ऑफिसची मीटिंग, फोनवरचं बोलणं, लग्नाचा हॉल असं सगळं करून बघा. मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत निकाल देऊ नका.

आता त्रास. मशीन रात्री काढावं लागतं. तान्हं बाळ घरात असलेल्या बाईला रात्री त्याचं रडणं ऐकू येण्यासाठी जागं राहिल्यासारखं झोपावं लागतं. हेल्मेट घालताना कानामागचं मशीन दुखतं किंवा शिट्टी मारतं. चष्मा, मास्क आणि मशीन हे तिन्ही एकाच कानावर टांगलेलं असतं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ओल आत जाते. रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत मशीन ठेवायची सवय लावली नाही तर ते सारखं दुरुस्तीला जातं. घामाचंही तेच. चार्जिंगचं घेतलं तर वीज जाणाऱ्या गावात अडचण होते, सेलचं घेतलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत सेल बदलावे लागतात. माझी आई सेलचंच वापरते, एक पाकीट पर्समध्ये आणि एक देवघराच्या खणात. तिला ऑपरेशनचा विचारही नको वाटतो आणि तिच्यासाठी तो निर्णय योग्य आहे, असं मला मनापासून वाटतं. साठीपुढे वयाने नसही थोडी उतरली आहे, त्यामुळे ऑपरेशन करूनही तिला मशीन लागलंच असतं.

आणि लाजेबद्दल एकच सांगते. मशीन दिसतं, हे खरं आहे. पण न ऐकता मान डोलावणारं माणूस त्याहून जास्त दिसतं.

ऑपरेशन

अडकलेल्या रिकिबीला बाजूला ठेवून आवाजाला नवी वाट देण्याचे प्रयत्न जुने आहेत. ज्युलियस लेम्पर्ट यांनी १९३८ मध्ये आतल्या कानाच्या नलिकेत नवी खिडकी पाडण्याची पद्धत प्रचारात आणली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल रोझेन रिकीब हलवून सैल करू लागले, पण ती पुन्हा अडकायची. मग १ मे १९५६ रोजी जॉन शे यांनी रिकीबच काढून तिच्या जागी टेफ्लॉनची प्रतिकृती बसवली. आज होतं ते ऑपरेशन यातूनच आलं, पण बरंच सौम्य होऊन. आता सहसा पूर्ण रिकीब काढत नाहीत. तिचा वरचा कमानीचा भाग काढतात, तळाला लेसरने किंवा सूक्ष्म ड्रिलने मिलिमीटरपेक्षा लहान भोक पाडतात आणि त्यात साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचा पिस्टन बसवून त्याची कडी ऐरणीला अडकवतात. याला स्टेपिडोटॉमी म्हणतात. सगळं कानाच्या वाटेनेच होतं आणि तासाभराच्या आसपास संपतं. जागेवर भूल देऊनही करतात आणि पूर्ण भूल देऊनही.

निकाल खरोखर चांगले आहेत. सरावलेल्या सर्जनच्या हाती १० पैकी ९ जणांत दोन रेघांमधलं अंतर १० डेसिबलच्या आत येतं. कानाच्या ऑपरेशनांत इतकं ठळक यश फार थोड्या ठिकाणी मिळतं. रात्री ऐकू येतं, पावसात ऐकू येतं, अंघोळ करताना दाराची बेल कळते. या आजारात कानात आपोआप वाजणाऱ्या शिट्टीचा आवाज अनेकांत कमी होतो, पण त्याची हमी नाही. केवळ शिट्टीसाठी हे ऑपरेशन करू नये.

आता धोका, आणि इथे आकड्यावर थोडं थांबायला हवं. साधारण १०० ऑपरेशनांमागे एका कानाचं ऐकणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण जातं. तेही असं जातं की मग मशीनचाही उपयोग होत नाही. हे चांगल्या हातांतही होतं, कारण आतल्या कानाचा द्रव उघडला जातो आणि तो कान कसा वागेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. एक टक्का लहान वाटतो. ज्याला दुसऱ्या कानाने नीट ऐकू येतं त्याच्यासाठी तो खरंच लहान आहे. ज्याचा दुसरा कान आधीच गेलाय, त्याच्यासाठी तोच एक टक्का सगळं आयुष्य आहे. म्हणून एकच चालता कान असलेल्या माणसाने हे ऑपरेशन करू नये, मशीन लावावं. माझ्या मते याला अपवाद शोधत बसू नये. याच कारणाने दोन्ही कान एका वेळी करत नाहीत आणि आधी जास्त खराब कान करतात.

लहान त्रास बरेच आहेत आणि ते बहुधा जातात. काही दिवस चक्कर येते. जिभेच्या त्या बाजूला धातूसारखी किंवा बोथट चव राहते, कारण चवीची बारीक नस ऑपरेशनच्या वाटेतच असते. ती बाजूला सारताना ताणली जाते, कधी तुटते. बहुतेकांना काही महिन्यांत फरक जाणवेनासा होतो. पण खानावळ चालवणाऱ्या किंवा मसाले बनवणाऱ्या माणसाने हे आधी सर्जनशी बोलून घ्यावं. उंचीवर काम करणारे, परांचीवर चढणारे गवंडी, विजेच्या खांबावरचे वायरमन यांनी चक्करेचा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. फार क्वचित चक्कर रेंगाळते.

पहिले काही दिवस कानात पॅकिंग असतं, त्यामुळे ऐकू कमीच येतं. घाबरून जाऊ नका. नंतर आवाज अचानक टोकदार लागतात. भांडी घासण्याचा आवाज, प्रेशर कुकरची शिट्टी नकोशी होते. तेही हळूहळू बसतं. खरा ऑडिओग्राम दीड-दोन महिन्यांनी काढतात.

काळजी कडक आहे. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, जोर लावून शौचाला बसायचं नाही, गॅस सिलिंडर किंवा पाण्याची कळशी उचलायची नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. विमानप्रवास काही आठवडे टाळायला सांगतात, नेमका काळ सर्जन ठरवतात. दुबईहून किंवा अमेरिकेतून सुट्टीवर येऊन ऑपरेशन करून जाण्याचा बेत असेल तर परतीचं तिकीट हे विचारूनच काढा. तारकर्लीला स्कूबा करण्याचा नाद असेल तर तो सोडण्याची तयारी ठेवा, अनेक सर्जन कायमचं नको म्हणतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा आणि डीजेजवळ कानात बोळे घालावेतच, कारण मोठ्या आवाजाला आवर घालणारा रिकिबीचा स्नायू आता कामात नसतो.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. ऑपरेशननंतर ऐकू येऊ लागलं आणि मग अचानक कमी झालं, चक्कर वाढत गेली, चेहरा वाकडा वाटला किंवा ताप आला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी सर्जनला गाठा.

सर्जन कसा निवडावा? लेसर आहे का, पिस्टन टायटॅनियमचा आहे का, यावरून रुग्णालय निवडू नका. टेफ्लॉनचा पिस्टनही उत्तम चालतो. हात महत्त्वाचा. सरळ विचारा: वर्षाला किती स्टेपिस, म्हणजे रिकिबीची ऑपरेशनं, करता, किती जणांचं अंतर १० डेसिबलच्या आत आलं, किती जणांचा कान गेला? सरळ प्रश्नाला सरळ आकड्यांत उत्तर देणारा सर्जन मला विश्वासाचा वाटतो. ऑपरेशननंतर पिस्टनचं कार्ड मागून जपून ठेवा. आजचे पिस्टन एमआरआयला बहुधा चालतात, पण एमआरआय करणाऱ्याला कार्ड दाखवावं लागतं.

पिस्टन आयुष्यभर टिकू शकतो. काहींत तो वर्षांनी सरकतो किंवा कडीखालचं ऐरणीचं हाड झिजतं आणि ऐकणं पुन्हा उतरतं. दुसऱ्यांदा ऑपरेशन करता येतं, पण त्याचं यश पहिल्यापेक्षा कमी आणि धोका जास्त. म्हणून पहिलंच ऑपरेशन चांगल्या हाती व्हावं.

थांबणं, गोळ्या आणि तेल

एकाच कानात, सौम्य, आणि रोजच्या कामात अडत नसेल तर वर्षाला एक ऑडिओग्राम काढत थांबणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. आजार सहसा वर्षावर्षांनी सरकतो. रिकिबीमुळे होणारी घट कितीही वाढली तरी ६० डेसिबलच्या आसपास थांबते. लक्ष ठेवायचं ते हाडाच्या रेघेवर. ती खाली सरकू लागली तर आजार शंखाकडे जातोय आणि मग पुन्हा डॉक्टरांकडे बसायला हवं. पण थांबणं म्हणजे घरच्यांपासून तुटत जाणं होत असेल तर ते थांबणं नव्हे. फोन टाळणं, समारंभाला न जाणं, मुलांच्या बोलण्यावर उगीच हसणं सुरू झालं असेल तर मशीन लावा.

सोडियम फ्लोराईडच्या गोळ्या जॉर्ज शॅम्बॉ यांनी १९६० च्या दशकात पुढे आणल्या. स्पंजासारखं हाड घट्ट करून आजार थोपवावा, हा हेतू. पुरावा तोकडा आहे, पोटाचा त्रास होतो आणि गरोदरपणात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात त्या चालत नाहीत. रिकीब त्याने सुटत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तिथल्या लोकांनी तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. कानात कोमट तेल घालण्याबद्दल घरोघरी सांगतात, तेही मायेनेच. पण पडदा शाबूत असताना तेल पडद्यापलीकडे जात नाही आणि आजार पलीकडे आहे.

पैसा

चांगलं डिजिटल मशीन एका कानाला पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या पुढे जातं आणि साधारण पाच वर्षांनी बदलावं लागतं. तिशीतल्या माणसाने पुढच्या तीस वर्षांचा हिशेब मांडला तर ऑपरेशन स्वस्त पडतं. साठीतल्या माणसाला तो हिशेब तितका लागू होत नाही. मेडिक्लेम ऑपरेशनचा खर्च बहुधा देतो, पण कान-नाक-घशाच्या ऑपरेशनांना अनेक पॉलिसींत सुरुवातीची प्रतीक्षा असते. मशीनचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, मुंबईतलं केईएम, नायर, सायन, पुण्यातलं ससून, गोव्यातलं बांबोळी, इथे कान-नाक-घसा विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ऐकण्याच्या सगळ्या चाचण्या होतात.

सरकारी मशीनसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट असेल तरच माणूस त्यात येतो. ओटोस्क्लेरोसिसचे पुष्कळ रुग्ण ५० च्या आसपास असतात, म्हणजे रोज अडतं पण प्रमाणपत्र मिळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

मग कोणी काय

तिशी-चाळिशीतला माणूस, अंतर ३०-४० डेसिबल, हाडाची रेघ चांगली, दुसरा कान बरा, आणि मशीन लावून बघितल्यावरही रात्री-पावसात अडतंय: त्याने ऑपरेशन करावं, असं मी सांगेन. गरोदर बाईने बाळंतपण होऊन थोडं स्थिरावेपर्यंत मशीनवर राहावं. कान वाहत असेल तर आधी तो कोरडा करून घ्यावा. ऐकणं कधी वर कधी खाली होतं आणि सोबत गरगरून चक्कर येते, अशांनी हे डॉक्टरांना नक्की सांगावं. सोबत मेनिएरचा, म्हणजे आतल्या कानातल्या द्रवाचा, आजार असेल तर ऑपरेशनचा धोका फार वाढतो. दोन्ही कानांतली नसही फार खाली गेली असेल आणि मोठ्या मशीननेही शब्द कळत नसतील, तर कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शंखात तार बसवून नसेला थेट संकेत देणाऱ्या उपकरणाचा, रस्ता आहे आणि या आजारातही त्याने माणसं पुन्हा फोनवर बोलू लागतात.

दुसऱ्या कानाचा प्रश्न पहिला चांगला झाल्यावर येतो. बहुतेक सर्जन सहा महिने ते वर्षभर थांबून, पहिल्याचा निकाल टिकलाय हे बघून मगच दुसऱ्याचं नाव काढतात. दोन्ही कान मिळाले की आवाज कुठून येतोय ते कळतं आणि गर्दीत बोलणं सोपं होतं, म्हणून अनेक जण तो करून घेतात. मी डावा कान सध्या मशीनवरच ठेवला आहे. त्याची हाडाची रेघ अजून चांगली आहे, उजवा व्यवस्थित चालतोय आणि दोघांत मिळून वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचं मला ऐकू येतं. पुढच्या ऑडिओग्रामनंतर सर्जनशी पुन्हा बोलायचं ठरलं आहे.